जुनं उकरून पूर्व जर्मनीला काय मिळालं? स्टासीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, फायली जाळून का नाही टाकल्या?

जाळायला निघालेच होते की! 1989 च्या शेवटी स्टासीचे लोक स्वतःच कागद फाडत बसले होते, पब्लिकने ऑफिसं ताब्यात घेतली म्हणून ते थांबलं. मी राहते त्या लाइपझिग शहरातलं ऑफिस 4 डिसेंबरला, बर्लिनचं मुख्यालय 15 जानेवारी 1990 ला. तरी फाडलेल्या तुकड्यांची 15 हजारांहून जास्त पोती निघाली आणि उरलेल्या फायली सलग लावल्या तर 111 किलोमीटर भरतात. 1992 पासून ज्याची फाइल त्याला वाचायला मिळते.

आता काय मिळालं ते सांगते. मी इथे आले तेव्हा ज्यांच्या घरात भाड्याने राहिले त्या आजी सूतगिरणीत कामाला होत्या. चर्चच्या सोमवारच्या प्रार्थनेला जायच्या म्हणून त्यांच्यावर पाळत होती. कोणीतरी आतलं माणूस चुगल्या करतंय हे त्यांना कळलं होतं आणि संशय सगळ्यात जवळच्या मैत्रिणीवर, त्यामुळे तिच्याशी बोलणं बंद, समोर आली तरी रस्ता बदलायचा, अशी कितीतरी वर्षं गेली. फाइल आली तर त्यात खबऱ्याचं टोपणनाव. खरं नाव कळावं म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो, तो त्यांनी केला. निघाली दुसरीच बाई, शेजारच्या मशीनवरची! मैत्रिणीचा काडीचा संबंध नव्हता. आजी त्याच आठवड्यात तिच्याकडे गेल्या. मी तिथे असताना दोघी रोज संध्याकाळी एकत्र पत्ते खेळायच्या. फायली जाळल्या असत्या तर खबरी सुटली असती आणि निर्दोष बाई मरेपर्यंत चोर ठरली असती. जुनं उकरू नये म्हणणाऱ्यांना हे कधीच सुचत नाही.

आजींचा राग मात्र वेगळाच होता. म्युझियममध्ये फक्त स्टासी आणि बर्लिनची भिंत, आमची पाळणाघरं, आमचं काम, नंतर गिरणी बंद पडून आम्ही घरी बसलो, ते कुठेय, असं म्हणायच्या. बरोबरच आहे त्यांचं. 1990 नंतर ट्रॉयहांडने, म्हणजे पूर्वेकडचे सरकारी कारखाने ज्या संस्थेच्या ताब्यात दिले तिने, ते विकले, बंद केले, लाखो लोक बेकार झाले, आणि वर पश्चिमेकडचे लोक यांनाच सांगणार की तुम्हाला हुकूमशाहीची आठवण येते!

हां, सगळीकडे हे नीट झालं असं नाही. पोलंडमध्ये 2005 ला तिथल्या जुन्या गुप्त पोलिसांच्या फायलींतल्या नावांची एक यादी फुटली, तिच्यात खबरी आणि ज्यांना खबरी करायचा नुसता विचार होता ते, सगळ्यांची नावं एकत्र. फुकट बदनाम झाले लोक. म्हणजे कायदा, अर्ज, पडताळणी हे पाहिजेच.

पण झालं गेलं गंगेला मिळालं हे मला कोणी ऐकवू नये. आमच्या घरी काकांच्या वाटणीचे कागद मोठ्या भावाच्या कपाटात आहेत, दाखव म्हटलं की हेच वाक्य, आणि दोन चुलत घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. दादा, तू इथे वाचतोस मला माहितेय. गणपतीत सगळे जमतील तेव्हा ते कागद काढ.