थंडी आणि शाळेची दोन तास उशिराची घंटा

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत शाळा एकतर दोन तास उशिरा भरते नाहीतर मेसेज येतो की आज बंद. पालकांच्या ग्रुपवर रोज वाद, अर्धे म्हणतात मुलांना फार जपताय, अर्धे म्हणतात शाळेला काळजीच नाही. दोन तासांनी असा काय फरक पडतो हो?

उत्तर : पडतो की! सगळ्यात जास्त गारठा साधारण सूर्योदयाच्या आसपास असतो, आणि नेमकं तेव्हाच पोरं अंधारात बसची वाट बघत उभी असतात, शिवाय डिझेल घट्ट होऊन बसच चालू होईना झाली की ते थांबणं वाढतच जातं. नुसता पारा बघू नका, वारा बघा. उणे २० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे ३३ सारखं लागतं, उघडे कान-नाक अर्ध्या तासाच्या आतही गोठू शकतात. बंदचं मात्र अवघड आहे, नोकरीवाल्या आईबापांनी ऐनवेळी मूल ठेवायचं कुठे? म्हणून माझं मत विचाराल तर उशीर चालेल, पण निर्णय आदल्या रात्रीच कळवा म्हणून शाळेच्या मागे लागा, ग्रुपवर भांडून काय मिळणार. आणि हातमोज्यांची एक जादा जोडी दप्तरात टाकाच, पहिली ओली होतेच.