बोनस, कार्ड आणि आठ दिवसांची सहल

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो, दोन मुलं शाळेत आहेत. गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांत क्रेडिट कार्डावर केलेला खर्च अजून फिटलेला नाही. दर महिन्याला किमान रक्कम भरतो, तरी आमच्या दोघांच्या मिळून एका महिन्याच्या पगाराएवढी बाकी आहे. यंदा मिस्टरांना असा दीड महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळणार आहे. त्यांनी सुट्टीत आठ दिवसांची सहल ठरवली आहे. खर्च सव्वा महिन्याच्या पगाराएवढा, त्यातला पाचवा हिस्सा आगाऊ भरूनही झाला. रद्द केली तर भरलेल्यातले निम्मे परत मिळतील. ते म्हणतात, सहल बोनसमधून करू, कार्डाचं चाललंय तसं चालू दे. मी म्हणते, सहल रद्द करून कार्ड फेडू. सुट्टी लागायच्या आधीच घरात धुसफुस सुरू झाली आहे. माझ्या नावावर दोन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी ठेव आहे. ती मिस्टरांना माहीत नाही आणि मला ती मोडायची नाही. काय करावं?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सहल आणि कार्ड दिसलं, दुसऱ्यांदा ठेवीबद्दलची शेवटची दोन वाक्यं. त्यांच्याकडे येतेच, आधी कार्डाचं बघू.

‘चाललंय तसं’ म्हणजे नक्की कसं चाललंय? समजा बाकी १०० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आहे आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के आहे. एक पैशाचीही नवी खरेदी न करता तुम्ही वर्षभर नेमाने किमान रक्कम भरलीत, तर बारा महिन्यांत तुमच्या खिशातून सुमारे ५५ जातात आणि बाकी उरते ७७. म्हणजे ५५ मधले ३२ व्याजात गेले, मूळ कर्ज फक्त २३ ने हललं. याच चालीने कर्ज अर्ध्यावर यायलाच ३२ महिने लागतात. तुमच्या कार्डाचा दर वेगळा असेल. विवरणपत्रात तो छापलेला असतो, तो घालून आकडे पुन्हा मांडा. चित्र फार बदलणार नाही. किमान रकमेचा आकडा मोबाइलवर असा ठळक दिसतो की तेवढे भरले की कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं. विलंबशुल्क आणि थकबाकीदाराचा शिक्का टळतो, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल, तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. या सुट्टीत मुलांसाठी मोज्यांची जोडी घेतलीत तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढेल.

म्हणून बोनस हातात पडला की आधी कार्ड, आणि तेही पूर्ण. इथे मी शंभर टक्के तुमच्या बाजूने.

सहल मात्र रद्द करू नका, लहान करा. कार्ड फेडून अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढे पैसे उरतात, तर सहलीचे अजून एक पगाराएवढे भरायचे आहेत. आठाचे चार दिवस करता येतील का, किंवा हंगाम ओसरल्यावरची तारीख मिळेल का, आणि भरलेली रक्कम त्यात वळती होईल का, हे मिस्टरांनी स्वतः फोन करून विचारावं. ठरवलं त्यांनी, फोनही त्यांनीच करावा. सहलवाले हो म्हणाले तर प्रश्न मिटला. नाही म्हणाले तरच सहल रद्द करा आणि भरलेल्यातले निम्मे सोडून द्या.

‘पैसे भरलेत, आता गेलंच पाहिजे’ हे वाक्य तुमच्या घरात एव्हाना उच्चारलं गेलं असणार. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये लोकांपुढे असाच पेच ठेवला होता. समजा, दोन सहलींची तिकिटं चुकून एकाच तारखेची काढलीत. एक दुप्पट महाग आहे, पण मजा दुसरीत जास्त येणार आहे. पैसे कुठलेच परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी महागडी, कमी मजेची सहल निवडली. तुमच्या बाबतीत तर आकडे समोर आहेत. सहल रद्द केली तर बुडणार महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा, आणि कार्ड तसंच ठेवलं तर वर्षभरात व्याजात जाणार जवळपास तिसरा हिस्सा.

मिस्टर कदाचित आता म्हणतील, मग सहल बिनव्याजी हप्त्यांवर करू. ‘बिनव्याजी’ म्हणजे व्याज किमतीत मुरवलेलं तरी असतं, नाहीतर रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, वर अनेकदा प्रक्रिया शुल्क निराळं. आणि ‘फक्त १२ टक्के’ असं कोणी सांगितलं तर विचारा, सरसकट की घटत्या बाकीवर? वर्षाचे १२ टक्के पूर्ण रकमेवर लावून बारा हप्ते पाडले, तर खरा दर साडेएकवीसच्या घरात जातो, कारण निम्मी रक्कम परत केल्यावरही व्याज तुम्ही पूर्ण रकमेचंच भरत असता. सहलीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ड्रॅझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांच्या १९९८ च्या अभ्यासात कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे नंतर हप्त्याने द्यायला बहुतेक जण राजी होते, पण सहलीचे पैसे बहुतेकांना आधीच देऊन टाकायचे होते. यंत्र हप्ते फिटेपर्यंत कपडे धुत असतं. सहल आटोपते, बॅगा माळ्यावर जातात, आणि पुढचे अकरा महिने हप्ता येत राहतो.

बोनसचा आकडा कापाकापी होण्याआधीचा की नंतरचा, हे पत्रात नाही. पगारपत्रकात दिसतो तो आणि खात्यात पडतो तो यांत कराचं अंतर असतं. तुम्ही लिहिलेला दीड महिना हा वरचा आकडा असेल, तर कार्ड फिटल्यावर उरणारा अर्धा महिनाही आटेल. तेव्हा सहलीचं माप सगळ्यात शेवटी ठरवा, आणि पैसे खात्यात आल्यावर.

आता थोडं कडू बोलते. सहल रद्द झाली तरी तुमची सुट्टी स्वस्तात जाणार नाही. गेल्या वर्षीची बाकी कशाची आहे, कधी बघितलंत? उघडा ते विवरणपत्र. मोठी रक्कम एखाद-दुसरी असेल, खाली दोन पानं किरकोळीची. चौघं दिवसभर घरात, रोज बाहेरून काहीतरी मागवलेलं, येणारे-जाणारे, त्यांच्यासाठी आणलेलं, ‘आज सुट्टीच आहे ना’ म्हणून घेतलेलं. महिन्याचा घरखर्च वीस दिवसांत संपतो आणि उरलेल्या दिवसांना कार्ड धावून येतं. त्यातून सुट्टीआधी पगार लवकर झाला असेल तर पुढचा पगार तीस नव्हे, चाळीस दिवसांनी येतो. त्या लांबलेल्या महिन्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. सुट्टीचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, त्याच खात्याच्या डेबिट कार्डाने खर्च करा. क्रेडिट कार्ड घरी राहू दे.

भेटवस्तूंची यादी दोघांनी एकाच कागदावर करा. एका वर्षी मी आणि माझ्या नवऱ्याने एकमेकांना न विचारता एकाच भाचीसाठी दोन दप्तरं आणली होती. दुसरं अजून आमच्या कपाटात आहे. शिवाय लांबच्या नात्यांवर काट मारायला घाबरू नका. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये दाखवलं की भेटवस्तूवर खर्च झालेल्या रकमेपेक्षा घेणाऱ्याला ती दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी मोलाची वाटते. जवळच्यांच्या भेटीत ही घट कमी होती, लांबच्या नातेवाइकांच्या भेटीत जास्त.

राहिली ठेव. नुसता हिशेब पाहिला तर ठेवीवर वर्षाला मिळतं त्याच्या कितीतरी पट तुम्ही कार्डाला देता आहात. बोनस येणार नसता, तर मी आजच ठेव मोडा म्हटलं असतं. बोनस येतो आहे, म्हणून राहू दे. दोन महिन्यांची गंगाजळी घरात असावीच, उलट ती हळूहळू वाढवा. पण बोनस कार्डाला कमी पडला, तर तेवढा फरक ठेवीतून भरा. सहलीसाठी तिला हात लावू नका.

आणि मिस्टरांना सांगा. ठेव तुमच्या एकटीच्या नावावर राहण्यात काहीच गैर नाही, मी तर म्हणेन तशीच राहू दे. पण ती आहे हे माहीतच नसेल, तर उद्या तुम्ही दवाखान्यात असताना ती कोणाच्या उपयोगी पडेल? नामनिर्देशन केलंय का, ते तपासा. दुसरं म्हणजे, कार्डाच्या बाकीवरून तुम्ही त्यांच्याशी वाद घालता, आणि अर्धा ताळेबंद तुमच्याजवळ झाकलेला आहे. ते कळल्यावर ते दुखावतील. एखादा दिवस अबोला धरतीलही. सहल चार दिवसांची करायला तयार होणारा माणूस मात्र पूर्ण आकडे समोर असल्याशिवाय तयार होणार नाही. फक्त, सांगितल्यावर पैसे जबरदस्तीने काढून घेतले जातील अशी भीती असेल, तर सांगू नका. ती गोष्ट निराळी आहे, आणि मला वेगळं पत्र लिहा.

हे बोलणं मुलं झोपल्यावर, कार्डाचं विवरणपत्र, ठेवीची पावती आणि सहलीची पावती टेबलावर ठेवून करा. सहलीच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात रद्द करण्याची शेवटची तारीख असेल, ती मात्र आज संध्याकाळीच बघून ठेवा. निम्मे पैसे परत मिळतात ते त्या तारखेपर्यंतच.