लिनक्सची सुरुवात नेमकी कशी झाली?

लिनक्सची सुरुवात ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याच्या संकल्पातून झाली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तसे नव्हते. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या आरंभी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करण्यासाठी एक टर्मिनल प्रोग्राम लिहायला घेतला. हा प्रोग्राम कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधाराविना थेट हार्डवेअरवर चालत असे. पुढे फाइली उतरवून साठवण्याची गरज भासली, म्हणून डिस्क ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीम आली, आणि पाहता पाहता त्याचे रूपांतर कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात झाले.

त्यांच्यासमोर अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा नमुना होता. मात्र ती प्रणाली शिकवण्यासाठी तयार केलेली असून तिच्यात बदल करून वाटण्यावर निर्बंध होते. सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही आवृत्ती आली, जिच्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. टोरवाल्ड्स यांना ‘फ्रीक्स’ हे नाव हवे होते, परंतु सर्व्हरवर जागा देणाऱ्या आरी लेम्के यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ म्हटले आणि तेच रूढ झाले. (सुदैवच म्हणायचे!)

माझ्या मते खरी कलाटणी १९९२ मध्ये मिळाली. मूळ परवान्यानुसार पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई होती. ती काढून जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना स्वीकारल्यामुळे, रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ मध्ये जाहीर झालेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील कंपायलर, शेल इत्यादी साधनांसह हे कर्नेल एकत्र वाटणे कोणालाही शक्य झाले. १.० आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली.