फुप्फुसातील हवेची पोकळी

प्रश्न : माझ्या वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ‘बुला’ असल्याचे लिहिले आहे. त्यांना विशेष त्रास नाही. तरीही शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन ते एकमेकांत मिसळले, की पातळ आवरणाची हवेची पोकळी तयार होते. ती १ सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास तिला बुला म्हणतात. तिच्यात प्राणवायूची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही, आणि ती वाढत गेल्यास शेजारचा निरोगी भागही दाबला जातो. धूम्रपान हे तिचे प्रमुख कारण असल्याने, वडिलांना ती सवय असेल तर ती सोडणे (हा सल्ला रुग्णांना क्वचितच रुचतो) कोणत्याही औषधापेक्षा महत्त्वाचे आहे. पोकळीने छातीच्या त्या बाजूचा एक तृतीयांश किंवा अधिक भाग व्यापला असून दमही लागत असेल, तर सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र लहान पोकळीदेखील फुटून हवा फुप्फुसाभोवती साठू शकते. म्हणून छातीत एकाएकी कळ येऊन धाप लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. विमानप्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. स्कूबा डायव्हिंग मात्र पूर्णपणे टाळावे.