ग्राफ चाळीस, पण डिस्क भरणार कधी?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्व्हर मॉनिटरिंगमध्ये करिअर करायचं म्हणून प्रोमिथियस (सर्व्हरचे आकडे गोळा करून साठवणारं टूल) आणि ग्राफाना (त्या आकड्यांचे ग्राफ काढणारं टूल) शिकलो, चाळीस पॅनलचा डॅशबोर्ड केला. मुलाखतीत 'यातून तुला काय कळतं?' असं विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. आता आणखी कोणतं टूल शिकू?

उत्तर : नवं टूल नको. आत्ता काय चाललंय ते दाखवणारे चाळीस ग्राफ तुझ्याकडे आहेत. पुढे काय होणार हे सांगणारा एकही नाही. एकच प्रश्न धर : डिस्क कधी भरणार?

आधी डेटा किती दिवसांचा आहे ते बघ. प्रोमिथियस मूळ सेटिंगमध्ये १५ दिवसांचाच डेटा ठेवतं. तेवढ्यात कल काय दिसणार? रिटेन्शन (डेटा ठेवायची मुदत) वर्षभराचं कर, नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे प्रोमिथियसला पुरवणारा प्रोग्रॅम) लाव आणि दोन महिने चालू दे. मशीन मात्र रिकामं नको. डेटाबेस, रोजचा बॅकअप, लॉग (कामकाजाच्या नोंदींच्या फाइली) असं जागा खाणारं काहीतरी त्यावर हवं.

गणित सोपं आहे. ५०० जीबीपैकी ३८० भरले, रोज २ जीबी वाढतात, म्हणजे हातात ६० दिवस. प्रोमिथियसचं प्रेडिक्ट लिनियर हे फंक्शन अशीच रेष पुढे ओढून देतं. घोळ होतो तो मागचा किती काळ धरायचा यात. लॉग दर रविवारी साफ होत असतील तर ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. शेवटच्या सहा तासांवरून रेष काढलीस तर शनिवारी ती उगाच घाबरवेल आणि रविवारी सफाई झाल्या झाल्या म्हणेल, डिस्क कधीच भरणार नाही. निदान चार आठवडे धर. त्याहून चांगलं म्हणजे दर आठवड्याचे सफाईनंतरचे तळाचे बिंदू तेवढे रेषेने जोड. आणि उभा अक्ष ० ते १०० ठेव. ऑटो स्केलवर (अक्ष आकड्यांनुसार आपोआप ठरतो तेव्हा) ४१ वरून ४२ टक्के झाले तरी डोंगर दिसतो.

सीपीयूला सरासरी दगा देते. तासातलं एक मिनिट १०० टक्के आणि उरलेली ५९ मिनिटं १० टक्के असतील तर तासाची सरासरी ११.५ येते. वापरकर्ते खोळंबले ते नेमकं त्याच मिनिटात! म्हणून लांब पल्ल्याच्या ग्राफवर सरासरीसोबत कमाल आकडाही काढ. मेमरीत 'फ्री' बघू नको. लिनक्स मोकळी मेमरी कॅशला (डेटाच्या तात्पुरत्या साठ्याला) वापरतं, म्हणून 'अव्हेलेबल' (गरज पडली तर मिळू शकणारी) बघ. नेटवर्कचे आकडे काउंटरचे, म्हणजे सतत वाढत जाणाऱ्या बेरजेचे असतात, त्यांना रेट (दर सेकंदाची वाढ काढणारं फंक्शन) लावल्याशिवाय नुसती चढती रेष मिळते. जुन्या नेटवर्क स्विचवर ३२ बिटचा काउंटर असेल तर पूर्ण भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर तो साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचलास तर मधल्या फेऱ्या निसटतात आणि ग्राफ दिसायला नीटनेटका, पण साफ खोटा. तिथे ६४ बिटचाच काउंटर घ्यायचा.

मुलाखतीला डॅशबोर्ड नेऊ नकोस, एक पान ने : एक ग्राफ, क्षमतेची आडवी रेष, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधी चढवली त्याच्या खुणा आणि खाली 'अमुक ते अमुक तारखेदरम्यान डिस्क भरेल' हे एक वाक्य. अंदाज चुकला तर ग्राफ काढून टाकू नको. बॅकअप दुप्पट झाला की जुना डेटा हलवला, कारण काय ते त्याच पानावर तारखेसह लिही. मुलाखत घेणारा बहुधा तिथेच थांबून प्रश्न विचारेल, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे असेल.