पेशंटच बघायचेत, मग प्रबंध कशाला?

प्रश्न: ताई, लेकीचं एमए सायकॉलॉजी झालं, मला वाटलं आता क्लिनिक टाकेल, तर ही म्हणते अजून दोन वर्षं एमफिल करायचंय क्लिनिकल सायकॉलॉजीत, आणि त्यात प्रबंधपण लिहायचाय. माणसांशी बोलायला प्रबंध कशाला लागतो हो?
– एक आई, कराड

उत्तर: लेक बरोबर बोलतेय. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी नाही लावता येत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्याख्याच दिलीय, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण लागतं, म्हणजे सीनियरच्या देखरेखीखाली पेशंट बघत केलेली दोन वर्षं. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थांत सीटा मोजक्याच, त्यामुळे एन्ट्रन्सलाच घाम फुटतो.

आता प्रबंधाचं. माझ्या पहिल्या केसच्या फाइलमध्ये मी ऐटीत लिहिलं होतं, पेशंटला अँग्झायटी आहे. मॅडमनी लाल पेनानं खोडलं आणि विचारलं, पेशंट नेमकं काय म्हणाली? म्हटलं, 'जीव खालीवर होतो.' मग तेच लिही ना! पुढे प्रबंधासाठी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत केली, आम्ही छान 'आपणांस उदास वाटते का' वगैरे लिहून ठेवलेलं, तर वॉर्डातली एक आजी म्हणाली, 'उदास म्हंजी गं काय, कशात मन लागत न्हाई का आसं इचार की.' झालं, परत बदला, मग मूळ प्रश्न न बघितलेल्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या, अर्थ जुळतोय का बघा, नाही जुळला की परत पहिल्यापासून. वैताग येतो खरा, पण ऐकायची सवय मला त्या वैतागातच लागली. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी तर फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, आणि ती बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. आता प्रबंध उरकून टाकणारेपण असतात म्हणा, तो भाग वेगळा.

एक मात्र नीट बघा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं एमफिल बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची सूट दिली. त्यामुळे कुणी एमफिल म्हणून फी मागितली तर भरायच्या आधी कोर्सचं नेमकं नाव आणि त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या यादीत लेकीला स्वतः शोधायला सांगा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका.