पुरुषांमधील स्तनवाढ: शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे प्रश्न

प्रश्न : माझं वय २६. कॉलेजात असल्यापासून छाती दोन्ही बाजूंनी पुढे आलेली आहे. व्यायामाने ११ किलो वजन उतरलं, पोट गेलं, छाती मात्र तशीच. मधे काही महिने जिममध्ये इंजेक्शनं घेतली होती, तीन महिन्यांपूर्वी बंद केली. मित्र म्हणतात, ऑपरेशन करून मोकळा हो. करू का?

उत्तर : शस्त्रक्रियेने तुमचा प्रश्न बहुधा सुटेल, पण ती आत्ता लगेच नको. आधी छातीत नेमकं काय वाढलं आहे आणि कशामुळे, ते ठरू द्या.

पाठीवर झोपा. स्तनाग्राच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवून हळूहळू जवळ आणा. स्तनाग्राखाली रबरासारखी, गोल, थोडी सरकणारी चकती हाताला लागली तर ती स्तनग्रंथी. यालाच गायनेकोमास्टिया म्हणतात. बोटं काही न अडता स्तनाग्रापर्यंत पोचली तर ती नुसती चरबी. बऱ्याच जणांत दोन्ही असतं. चरबी वजनाबरोबर कमी होते. ग्रंथी वर्षभराहून जुनी झाली की तिच्यात तंतुमय ऊती तयार होतात आणि मग ती व्यायामाने हटत नाही, गोळ्यांनीही फारशी नाही. तुमचं पोट उतरूनही छाती राहिली, यावरून ग्रंथी असण्याची शक्यता जास्त दिसते.

आता इंजेक्शनांबद्दल, कारण घाई नको म्हणण्याचं मुख्य कारण तेच आहे. जिममधली इंजेक्शनं बहुधा टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची असतात. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात बदलतो आणि ग्रंथी वाढवतो. इंजेक्शनं थांबवल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात आणि तोवर हे पारडं इस्ट्रोजेनकडेच झुकलेलं राहतं. अशा काळात ग्रंथी काढली तर उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो. म्हणून छातीचा आकार किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर स्थिर राहिल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करा. इंजेक्शनांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. ती कळली नाही तर रक्ताच्या अहवालाचा अर्थच चुकीचा लागतो.

दरम्यान एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांना भेटा. सकाळी ८ ते १०च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन, त्यासोबत एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन, टीएसएच, बीटा एचसीजी या संप्रेरकांच्या रक्तचाचण्या आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या साधारणपणे सांगितल्या जातात. वृषणांची हाताने तपासणी झालीच पाहिजे. संकोचामुळे ती टाळली जाते, आणि वृषणातल्या गाठीचं पहिलं लक्षण कधीकधी स्तनवाढ हेच असतं. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं चालू असतील तर तीही सांगा. मात्र स्वतःहून बंद करू नका.

एकाच बाजूला, मध्यभागापासून दूर, दगडासारखी कडक गाठ असेल, स्तनाग्र आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर थांबणं वगैरे सगळं बाजूला ठेवून लगेच दाखवा. पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचितच होतो, पण होतो.

प्रश्न : एका सर्जननी फक्त लायपोसक्शन सुचवलं, दुसऱ्यांनी ग्रंथीही काढू म्हटलं. कुणाचं ऐकावं?

उत्तर : हाताला ग्रंथी लागत असेल तर दुसऱ्यांचं. लायपोसक्शनच्या नळीने मऊ चरबी निघते, घट्ट ग्रंथी बहुतेक वेळा तिथेच राहते. सूज उतरली की स्तनाग्र पुन्हा टोकदार दिसू लागतं आणि रुग्णाला वाटतं, परत वाढलं. खरं तर ग्रंथी निघालेलीच नसते.

नेहमीची पद्धत अशी : रुग्णाला उभं करून छातीवर खुणा केल्या जातात, कारण आडवं झाल्यावर आकार बदलतो. पूर्ण भूल, किंवा गुंगी आणि जागेवरची भूल दिली जाते. अॅड्रेनॅलिन मिसळलेलं द्रव छातीत सोडतात, त्याने रक्तस्राव कमी होतो. मग ३ ते ४ मिलिमीटरच्या छेदांतून चरबी काढतात आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात. सगळं मिळून एक ते दोन तास.

इथे सर्जनचा हात कळतो. स्तनाग्राखाली साधारण १ सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम ठेवावा लागतो. ‘सगळं काढा’ असा आग्रह रुग्णच धरतात. तो मानला तर स्तनाग्र आत बसून बशीसारखा खळगा पडतो, आणि तो दुरुस्त करणं पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असतं. त्वचा खूप लोंबत असेल तर ती जास्तीची त्वचाही काढावी लागते आणि व्रण लांब राहतात. सर्जनना विचारा : काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीला, म्हणजे प्रयोगशाळेत तपासायला पाठवणार का? रात्री रक्तस्राव झाला तर कोण बघणार? आकारात फरक राहिला तर पुढे काय?

धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद हवं, निकोटिनची च्युइंगमही नको. निकोटिनमुळे स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेला बारा दिवस झाले. डावीकडे आत पाणी हलल्यासारखं वाटतं, स्तनाग्र बधिर आहे, खाली काहीतरी कडक लागतं. काही चुकलं का? जिम कधी सुरू करू?

उत्तर : पाणी हलल्यासारखं वाटतं ते बहुधा सेरोमा, म्हणजे ग्रंथी काढल्यावर रिकाम्या जागेत साचलेला द्रव. थोडा असेल तर शरीर शोषून घेतं. जास्त असेल तर सर्जन सुईने काढतात, कधी दोन-तीनदाही. या आठवड्यातच दाखवा. घरी दाबून किंवा टोचून काढायचा प्रयत्न नको. बधिरपणा बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो. कडकपणा म्हणजे आतला भरणारा व्रण. तो दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त जाणवतो आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बराच मऊ पडतो. मालिश सर्जननी सांगितल्यावरच.

सेरोमाचं एक नेहमीचं कारण म्हणजे घट्ट बंडी, म्हणजे कॉम्प्रेशन व्हेस्ट, मधेच काढून ठेवणं. पहिले तीन आठवडे अंघोळ सोडून दिवसरात्र आणि पुढचे तीन आठवडे दिवसाचे निम्मे तास, असा साधारण हिशेब असतो. बंडीला चुणी पडू देऊ नका, तिचा वळ त्वचेवर राहतो. श्वास अडकेल इतकी घट्टही नको.

चालणं दुसऱ्या दिवसापासून चालतं. बैठं काम असेल तर आठवड्याभरात कामावर जाता येतं. दोन आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नका, तीन आठवडे ५ किलोपेक्षा जास्त उचलू नका. पायांचे व्यायाम चौथ्या आठवड्यानंतर, बेंच प्रेस आणि पुशअप्स सहाव्यानंतर, तेही निम्म्या वजनाने. छातीचा खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. आत्ता रोज आरशात मोजमाप करत बसलात तर सूजच दिसेल.

एका बाजूला अचानक टणक सूज आणि ठणका, ३८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, वाढती लाली, स्तनाग्र काळं पडणं : त्याच दिवशी सर्जनकडे. पोटरी दुखून सुजणं किंवा धाप लागणं : थेट तातडीच्या विभागात.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे. छाती दुखते, पोहायला जायचं टाळतो. ऑपरेशन करून घ्यावं का?

उत्तर : नाही. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवा. दुखणं फार असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत औषधाचा उपयोग होऊ शकतो, तो निर्णय तज्ज्ञांचा. त्याला हे सर्रास होतं, हे मोकळेपणाने सांगा. चिडवलं जात असेल तर शाळेत जाऊन बोला, आणि पोहताना अंगात टी-शर्ट राहू द्या.